जनुकांतील पोटखराबा व आमची फवारणी

जमिनीच्या दप्तराशीं ज्यांचा संबंध आला आहे, त्यांस पोटखराबा हा शब्द नवा नाहीं. एका गटाचें एकूण क्षेत्र अमुक. त्यांपैकीं लागवडीलायक इतकें. आणि खडक, ओघळ, नाला यांमुळें लागवडीस न येणारें इतकें. हें शेवटचें क्षेत्र म्हणजे पोटखराबा. त्यावर आकार बसत नाहीं, त्यांत पीक नोंदलें जात नाहीं, आणि वांटणीच्या वेळीं भाऊभाऊ तें एकमेकांच्या पदरांत टाकण्याची खटपट करितात. परंतु आम्हीं नोकरीच्या काळांत असे गट पाहिले आहेत, कीं ज्यांतील ओघळ धन्यानें हौसेनें बुजविला, आणि पुढल्याच पावसाळ्यांत वरच्या अंगाचें पाणी चांगल्या जमिनींतून वाट काढून सुपीक माती घेऊन गेलें. निरुपयोगी म्हणून ज्याची नोंद, तोच भाग उरलेल्या शेताचें रक्षण करीत होता.

हा दाखला आज देण्याचें कारण असें. गेल्या पन्नास वर्षांत शास्त्रज्ञांनीं सजीवांच्या जनुकांतही असाच पोटखराबा शोधून काढिला आहे; आणि बुरशीच्या एका जनुकांतील असा एक तुकडा आहे, कीं आपण फवारलेलें औषध चालणार कीं वायां जाणार, याचा निकाल बऱ्याच अंशीं त्याच्या असण्यानसण्यावर लागतो. "बुरशीच्या जनुकांशीं शेतकऱ्यास काय करावयाचें? तें प्रयोगशाळेंतील मंडळींचें काम," असे उद्गार आम्हीं बैठकींत ऐकिले आहेत. आमचें मत याच्या अगदीं उलट आहे. ही गोष्ट शेतकऱ्याच्या खिशाशीं निगडित आहे. ती न जाणल्यामुळें आपण पैसा तर घालवितोंच, पण चांगलीं औषधेंही हातचीं घालवीत आहोंत.

प्रथम जनुकाची रचना थोडक्यांत सांगतों. जनुक म्हणजे प्रथिन कसें घडवावें याचा लेख. तो चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो, आणि दर तीन अक्षरांस एक अमिनो आम्ल या हिशेबानें वाचिला जातो. पेशी मूळ लेखावरून आरएनए नांवाच्या द्रव्याची नक्कल काढिते, आणि त्या नकलेबरहुकूम प्रथिन तयार होतें. हा लेख आरंभापासून शेवटपर्यंत सलग असतो, अशी विद्वानांची समजूत होती. १९७७ सालीं फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या दोन स्वतंत्र मंडळींनीं एका विषाणूचीं जनुकें तपासून दाखविलें, कीं लेखाच्या मध्येंच अर्थहीन दिसणारे लांब तुकडे असूं शकतात. नक्कल निघाल्यावर ते कापून टाकिले जातात, आणि उरलेलीं टोकें जोडून मग लेख वाचिला जातो. १९७८ सालीं वॉल्टर गिल्बर्ट यांनीं या मधल्या तुकड्यांस इंट्रॉन हें नांव दिलें. शार्प व रॉबर्ट्स यांस १९९३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. जनुकाच्या सातबाऱ्यावरील पोटखराबा तो हाच.

आमचा विषय पेशींतील तंतुकणिकांच्या जनुकांचा आहे. तंतुकणिका म्हणजे पेशींतील चुली. खाल्लेल्या अन्नापासून शक्ति निर्माण होते ती मुख्यतः तेथें. पेशीचें मुख्य दप्तर केंद्रकांत असतें, तरी तंतुकणिकांजवळ स्वतःचें एक लहान दप्तर असतें. कारण अतिप्राचीन काळीं त्यांचे पूर्वज स्वतंत्र जिवाणू होते, असें आतां सर्वमान्य आहे. मनुष्याच्या तंतुकणिकेचें दप्तर अवघें १६,५६९ अक्षरांचें असून त्यांत एकही इंट्रॉन नाहीं. बुरशींची व वनस्पतींची गोष्ट निराळी. आपण भाजीस वापरतों त्या बटन अळिंबीच्या तंतुकणिकेंतील कॉक्स-१ नांवाचें एक जनुक मोजलें, तेव्हां त्याची लांबी २९,९०२ अक्षरें भरली व त्यांत १९ इंट्रॉन निघाले. प्रथिन घडविण्यास लागणारीं अक्षरें मात्र सुमारें सोळाशें. म्हणजे तीस गुंठ्यांच्या तुकड्यांत लागवडीलायक जागा दीड गुंठ्याच्या आसपास!

एवढा पोटखराबा आला कोठून? तंतुकणिकांतील इंट्रॉनांच्या दोन जाती आहेत. पहिली जात बुरशींत विशेष आढळते. तिच्यांतील पुष्कळ तुकडे आपल्या पोटांत एका कात्रीचा लेख बाळगून असतात. ही कात्री म्हणजे एक विकर. ज्या जनुकांत हा तुकडा नाहीं, त्यास तें विकर नेमक्या त्याच जागीं कापतें. पेशी तो काप सांधण्यासाठीं शेजारच्या तुकडाधारी जनुकावरून नक्कल करिते, आणि येणेंप्रमाणें तुकडा तेथेंही दाखल होतो. १९७० च्या सुमारास फ्रान्समध्यें यीस्टच्या संकरांत हा प्रकार प्रथम नजरेस आला. एका पालकांत तुकडा आणि दुसऱ्यांत नाहीं, अशा जोडीच्या जवळजवळ सर्व संततींत तो शिरलेला दिसे. बांध कोरीत पुढें सरकणाऱ्या शेजाऱ्याची आठवण व्हावी, असाच हा व्यवहार. मात्र हा अतिक्रमण करणारा धन्याचें पीक बुडवीत नाहीं; नकलेंतून तो स्वतःस बाहेर काढवून घेतो. कांहीं तुकडे तर दुसऱ्या कोणाच्या मदतीवांचून स्वतःच स्वतःस कापून घेतात. याच जातीच्या एका तुकड्यांत टॉमस चेक यांनीं १९८२ सालीं हा गुण दाखविला, आणि १९८९ च्या नोबेल पारितोषिकांत ते सिडनी आल्टमन यांच्यासह भागीदार झाले.

दुसरी जात वनस्पतींच्या तंतुकणिकांत मुख्यत्वें आढळते. तिचे नातलग जिवाणूंतही आहेत. आणि केंद्रकांतील जनुकांचे इंट्रॉन याच जातीपासून उतरले असावे, असें बहुतेक तज्ज्ञांचें मत आहे. वनस्पतींच्या तंतुकणिकेंतील पहिला इंट्रॉन १९८१ सालीं मक्यांत सांपडला. गव्हाच्या एका जनुकाविषयीं १९९१ सालीं कॅनडांतून प्रसिद्ध झालेली हकीकत तर आम्हां दप्तरी माणसांस फारच ओळखीची वाटली. त्या जनुकाचे भाग दप्तरांत एका ठिकाणीं नाहींत. एका खातेदाराची जमीन निरनिराळ्या गटांत विखुरलेली असावी, तसे ते दूरदूर पडले आहेत. मधला इंट्रॉनच दुभंगला आहे, आणि त्याचीं अर्धुकें नकलेंत एकमेकांस शोधून जुळतात, तेव्हां कोठें सलग लेख तयार होतो. ही कापणी नीट झाली नाहीं तर काय होतें, याचीही साक्ष मका देतो. ज्या विकृत वाणांत तंतुकणिकेचे कांहीं इंट्रॉन कापले जात नाहींत, त्यांचा दाणा भरत नाहीं. कणसावर पोकळ टरफल राहतें.

हे तुकडे एका कुळांतून दुसऱ्या कुळांतही जातात. १९९८ सालीं अमेरिकेंत जेफ्री पामर यांच्या मंडळीनें ३३५ वनस्पति तपासून दाखविलें, कीं कॉक्स-१ जनुकांतील एक तुकडा मूळचा बुरशीचा असून तो सपुष्प वनस्पतींत वंशपरंपरेनें न येतां वेळोवेळीं बाहेरून शिरला आहे. किती वेळां शिरला, याविषयीं पुढें मतभेद झाले. परंतु तो बाहेरून आला, ही गोष्ट मान्य झाली. २००४ सालीं रॅफ्लेशिया या अजस्र फुलाच्या बांडगुळी वनस्पतींत तंतुकणिकेच्या जनुकाचा असा भाग सांपडला, कीं जो तिच्या आश्रयदात्या वेलीकडून आलेला होता. ती वेल आपल्या द्राक्षाच्या कुळांतील आहे. जसे तुकडे येतात, तसे ते जातातही. कापलेल्या नकलेवरून उलट मूळ लेख लिहिला गेला, कीं तुकडा कायमचा नाहींसा होतो. म्हणून एकाच घराण्यांतील दोन बुरश्यांपैकीं एकींत तुकडा असतो व दुसरींत नसतो. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व मुद्दा तिच्यावर उभा आहे.

आतां फवारणीकडे वळूं. पाइन झाडाच्या गळलेल्या बोंडांवर वाढणाऱ्या एका लहान अळिंबीपासून जर्मन शास्त्रज्ञांनीं १९७७ सालीं स्ट्रोबिल्युरिन नांवाचें द्रव्य वेगळें केलें. तें इतर बुरश्यांचा श्वास कोंडतें. त्याच्या धर्तीवर घडविलेलीं अझॉक्सिस्ट्रॉबिन व क्रेसॉक्झिम-मिथाइल हीं औषधें १९९६ सालीं बाजारांत आलीं. पुढें पायराक्लोस्ट्रॉबिन, ट्रायफ्लॉक्सिस्ट्रॉबिन, पिकॉक्सिस्ट्रॉबिन वगैरे भावंडें आलीं. आज हीं नांवें आपल्याकडील बागाईतदारांच्या तोंडीं आहेत. बुरशीनाशकांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारींत या सर्वांचा गट एकच, क्रमांक ११. हीं सर्व तंतुकणिकेंतील सायटोक्रोम-बी नांवाच्या प्रथिनांत जाऊन बसतात व शक्तीचा प्रवाह अडवितात; बुरशीची चूल विझते.

परंतु अवघ्या दोन वर्षांत, १९९८ सालीं, उत्तर जर्मनींत गव्हावरील भुरी या औषधांस दाद देईनाशी झाली. तपासाअंतीं कारण निघालें तें एका अक्षराचें. सायटोक्रोम-बीच्या लेखांत १४३ व्या जागीं ग्लायसीन असतें; एक अक्षर बदलल्यानें तेथें ॲलानीन आलें, आणि औषधास बसण्याची जागाच राहिली नाहीं. दप्तरांत एवढासा फेरफार, पण त्यानें सबंध गटाची मालकी गेली. कारण एका औषधास जो बदल चुकवितो, तोच त्याच्या सर्व भावंडांस चुकवितो. पुढें केळीवरील काळा सिगाटोका, सफरचंदावरील खवल्या रोग, गव्हावरील सेप्टोरिया यांतही हाच फेरफार झाला. आपल्या महाराष्ट्रांतील द्राक्षबागांत केवड्याच्या रोगजंतूंत तो असल्याचें २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. (केवड्याचा जंतु खऱ्या बुरशींच्या कुळांतील नव्हे, तथापि त्याच्या जनुकाची १४३ वी जागा तशीच उघडी आहे.)

आश्चर्य असें, कीं तांबेऱ्यांवर तींच औषधें वर्षानुवर्षें फवारली जात असतांही हा फेरफार त्यांत रुजला नाहीं. याचें कारण युरोपांतील संशोधकांनीं २००६ सालीं मांडलें. गव्हाचे तीनही तांबेरे, मक्याचा, घेवड्याचा, सोयाबीनचा व कॉफीचा तांबेरा, तसेंच बटाट्यावरील लवकर येणारा करपा, या सर्वांच्या सायटोक्रोम-बी जनुकांत १४३ व्या त्र्यक्षरीस अगदीं लागून एक इंट्रॉन सुरू होतो. इंट्रॉन कापतांना हद्द कोठें आहे, हें त्याच्या काठाच्या अक्षरांवरून ओळखिलें जातें. १४३ व्या जागेचें अक्षर बदलणें म्हणजे हद्दीचा दगडच हलविणें. दगड हलला, कीं तुकडा नीट कापला जात नाहीं; लेख जुळत नाहीं; सायटोक्रोम-बी घडत नाहीं; आणि औषधापासून वांचूं पाहणारी बुरशी स्वतःच्याच दप्तरांतील घोळानें मरते. ज्यास कोणीही निरुपयोगी म्हटलें असतें, त्या तुकड्यानें आमच्या औषधाची शक्ति राखिली आहे.

हा तुकडा शेतकऱ्याच्या कल्याणासाठीं तेथें बसला, असा अर्थ मात्र कोणीं घेऊं नये. तो आपल्या स्वार्थानें आला. त्याची जागा आपल्या पथ्यावर पडली, इतकेंच. म्हणूनच त्यावर डोळे मिटून विसंबणें धोक्याचें आहे. द्राक्ष, स्ट्रॉबेरी वगैरेंवर राखाडी कूज आणणाऱ्या बोट्रायटिस बुरशींत या तुकड्याचे व तुकड्यावांचूनचे असे दोन्ही वंश आढळतात; एकच फवारा वारंवार मारिला, कीं तुकडा नसलेल्या वंशांत फेरफार होऊन तोच माजतो. शिवाय बुरशीस दुसरीही वाट आहे. १२९ व्या जागीं एक निराळा बदल होतो. त्यानें औषध पुरतें निकामी होत नसलें, तरी त्याचा जोर घटतो. अमेरिकेंत बटाट्यावरील लवकर येणाऱ्या करप्यांत, आणि २०१० नंतरच्या दशकांत ब्राझीलमधील सोयाबीनच्या तांबेऱ्यांत हा बदल पसरला. कृष्णाकांठीं सोयाबीन करणाऱ्या आमच्या बंधूंनीं ब्राझीलची ही गोष्ट परदेशची म्हणून सोडून देऊं नये. तांबेरा त्यांच्याही शेतांत येतो.

आतां आमच्या मुद्द्याकडे. एका ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला आणि आमच्या शेजारच्या बागेवर केवडा उतरला. धनी आमच्याकडे आले व म्हणाले, "भाऊसाहेब, तीन फवारे झाले, तीन निरनिराळीं औषधें झालीं, पण केवडा हटत नाहीं. आतां चौथें कोणतें आणूं?" आम्हीं तीनही डबे मागविले व चष्मा लावून बारीक अक्षरें वाचिलीं. व्यापारी नांवें तीन, चित्रें तीन, किंमती तीन. परंतु आंतील द्रव्य तिन्हींत ११ व्या गटाचेंच. एकाच खातेदारानें तीन नांवांनीं अर्ज करावा आणि कारकुनानें ते तीन माणसांचे समजून मंजूर करावे, तशी ही गत. दुकानदारानें फसविलें असें आम्ही म्हणत नाहीं. त्यासही गटाचें ज्ञान नव्हतें. परंतु त्या अज्ञानाचा खर्च बागेच्या धन्यानें भरिला, आणि बागेंत फेरफार झालेला जंतु तेवढा निवडून ठेविला गेला.

दुसरा घोटाळा आपल्या भाषेचा आहे. भातावरील रोगास आपण करपा म्हणतों, बटाट्यावरील रोगासही करपा, केळीवरील सिगाटोक्यासही करपा. शब्द एक, परंतु जंतु निराळे आणि त्यांचीं दप्तरेंही निराळीं. बटाट्याच्या लवकर येणाऱ्या करप्याच्या जनुकांत हद्दीचा तो तुकडा आहे; भाताच्या करप्याच्या बुरशींत तो नाहीं, आणि जपानांत तिनें १४३ व्या जागेचा फेरफार करून दाखविलाही आहे. बटाट्याचा उशिरां येणारा करपा तर खऱ्या बुरशीचा रोगच नव्हे. मग "करप्यावर अमुक औषध चांगलें" हें वाक्य किती पोकळ आहे, याचा वाचकांनींच विचार करावा. रोगाचें नुसतें नांव सांगून औषध घेणें म्हणजे गट क्रमांक न सांगतां गांवांत जमीन खरेदी करण्यासारखें आहे.

यावर आमच्या सूचना अशा. पहिली, औषध घेतांना व्यापारी नांव न पाहतां आंतील द्रव्य पाहावें व त्याचा गट विचारावा. तो अंक प्रत्येक डब्यावर मराठींत ठळक छापला जावा, अशी मागणी आपल्या संघानें ठराव करून सरकारकडे पाठवावी. दुसरी, ११ व्या गटाचें औषध एका हंगामांत पुनःपुन्हा न वापरतां निराळ्या रीतीनें काम करणाऱ्या औषधाशीं आलटूनपालटून, लेबलावर सांगितलेल्या मर्यादेंतच वापरावें. आणि जेथें फेरफार झाल्याचें ठाऊक आहे, तेथें त्यावर भिस्त ठेवूं नये. तिसरी, प्रत्येकानें फवारणीची वही ठेवावी. तारीख, रोग, द्रव्य, गट व परिणाम एवढे पांच रकाने पुरेत. चौथी सूचना आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. रोगट पानांतील बुरशींत १४३ वी जागा बदलली आहे कीं नाहीं, हें प्रयोगशाळेंत तपासतां येतें. संघानें दर हंगामाच्या आरंभीं निरनिराळ्या गांवांतून नमुने गोळा करून कृषि विद्यापीठाच्या तज्ज्ञांकडे पाठवावे, आणि आलेला निकाल याच मासिकांत गांववार प्रसिद्ध करावा. एकट्या शेतकऱ्यास ही तपासणी झेपणार नाहीं, संघास झेपेल. फवाऱ्यांवर एका तालुक्यांत जो पैसा व्यर्थ जातो, त्याच्या मानानें हा खर्च कांहींच नव्हे.

कोणी म्हणतील, औषध निकामी झालें तर नवें येईल. आम्हांस हा भरंवसा पटत नाहीं. नव्या तऱ्हेचें औषध सांपडण्यास पुष्कळ वर्षें लागतात, आणि १९९६ सालीं आलेलें औषध १९९८ सालीं कसें चुकलें, हें वर सांगितलेंच आहे. औषधाची शक्ति ही विहिरीच्या पाण्यासारखी सामाईक मिळकत आहे. एकानें अमर्याद उपसा केला, तर शेजाऱ्याचीही विहीर आटते. वाऱ्यावर उडणाऱ्या बुरशीच्या बीजास बांध ठाऊक नसतो.

असो. इंट्रॉनांच्या संशोधनास आरंभ झाला, तेव्हां विषाणु, यीस्ट आणि मका यांच्यावर आयुष्य घालविणाऱ्या त्या विद्वानांस, आपल्या शोधाचा संबंध सोयाबीनच्या तांबेऱ्याशीं लागेल, याची कल्पना नसेल. ज्या तुकड्यास अर्थ नाहीं असें वाटत होतें, त्याची त्यांनीं इमानानें मोजणी केली व नोंद ठेविली. म्हणून आज आपणांस आपलें शेत राखण्याची एक वाट दिसली. पुढच्या फवारणीपूर्वीं प्रत्येक वाचकानें घरांतील औषधांचे डबे एका ओळींत मांडून त्यांचे गट लिहून काढावे, आणि ती यादी संघाच्या येत्या बैठकींत घेऊन यावी, एवढी आमची विनंती आहे.